वीस मीटर तार आणि तिची परवानगी

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

मागच्या रविवारी आमच्या इमारतीच्या गच्चीवर मी एक तार बांधली. टाकीच्या शिडीला बांबू उभा केला, त्याच्या टोकापासून तारेच्या दोन बाजू दोन कोपऱ्यांकडे उतरत्या ओढल्या आणि नायलॉनच्या दोरीने कठड्याला बांधल्या. अर्ध्या तासाचं काम. चौथ्या मजल्यावरच्या काकू वाळवण घेऊन वर आल्या आणि तार बघून खूशच झाल्या. "बरं केलंत हो, चादरींना दोरी नव्हतीच!"

मागोमाग सोसायटीचे सेक्रेटरी आले. त्यांनी वेगळंच विचारलं. "हे काय लावलंय? परवानगी घेतलीय का?" मी हौशी रेडिओचं, म्हणजे हॅम रेडिओचं लायसन्स दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, शिक्का बघितला आणि आवाज खाली आणून म्हणाले, "म्हणजे पोलिसांना माहीत आहे ना?"

मी हसलो. पण नंतर वाटलं, काकांचं काही चुकलं नाही. हा प्रश्न या तारेला शंभर वर्षं विचारला जातोय. साधी तांब्याची तार, चावत नाही, फुटत नाही. तरी सरकारं तिला घाबरतात, आणि संकट आलं की तिलाच शोधत येतात. आजची पोस्ट त्याबद्दल.

आधी ही तार म्हणजे काय ते सांगतो, कारण त्यात लपवण्यासारखं काहीच नाही.

हौशी लोकांना जे लहरींचे पट्टे दिलेत त्यातला एक सात मेगाहर्ट्झचा. 'चाळीस मीटर बँड' म्हणतात, कारण त्या लहरीची लांबी साधारण चाळीस-बेचाळीस मीटर भरते. अँटेनाला लागते त्याच्या निम्मी तार, आणि तारेत लहर थोडी मंदावते म्हणून पाच टक्के आणखी कमी. सोपा हिशोब: 143 भागिले मेगाहर्ट्झ. 7.1 ने भागलंत की वीस मीटर आणि थोडं वर. मधोमध कापा, दहा-दहा मीटरचे दोन तुकडे. यालाच डायपोल म्हणतात.

सामान? इलेक्ट्रिकच्या दुकानातली एक चौरस मिलिमीटरची मल्टिस्ट्रँड वायर. प्लंबरकडचा वीतभर पीव्हीसी पाइपचा तुकडा, भोकं पाडून. त्यातून दोन्ही तारा ओवायच्या, म्हणजे ताण पाइपवर येतो, सोल्डरवर येत नाही. तिथे कोअ‍ॅक्स केबल जोडायची: आतली तार एका बाजूला, वरची जाळी दुसऱ्या बाजूला. जोडाच्या खाली केबलचीच आठ-दहा वेटोळी करून चिकटपट्टी लावायची, म्हणजे लहरी केबलवरून उलट घरात येत नाहीत. टोकांना पाइपचेच छोटे तुकडे आणि दोरी. झाडावर टाकायची तर दोरीला पाण्याची अर्धी भरलेली बाटली बांधून फांदीवरून फेका. तार सुरुवातीला वीतभर लांबच ठेवा, मग मीटर बघत टोकं दुमडत या. कापायची घाई नको. कापलेली तार वाढत नाही.

दोन गोष्टी मात्र जिवावरच्या. विजेच्या तारांच्या आसपास ही कधीही टाकू नका. आणि प्रसारण चालू असताना टोकांना हात लागू देऊ नका, तिथे व्होल्टेज सगळ्यात जास्त असतं. आभाळ गडगडायला लागलं की केबल काढून तार खाली. बस्स. गुंडाळली की सगळं दप्तरात मावतं.

आता मागे जाऊ.

12 डिसेंबर 1901. कॅनडाच्या पूर्व टोकाला, न्यूफाउंडलंडमधला सिग्नल हिल. मार्कोनीला अटलांटिकपलीकडून, इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलवरून येणारा संदेश ऐकायचा होता. पलीकडे प्रचंड खांब. इकडे वाऱ्याने आधी फुगा नेला, एक पतंगही नेला. शेवटी दुसऱ्या पतंगाला दीडशे मीटरच्या आसपास तार बांधून ती आभाळात सोडली आणि मोर्स लिपीतला 'एस', म्हणजे तीन टिंबं, ऐकू आल्याचं त्याने जाहीर केलं. त्याने नेमकं काय ऐकलं यावर तज्ज्ञ अजून वाद घालतात. पण एक बघा: महासागरापलीकडचा निरोप झेलायला गेलेली ती अँटेना म्हणजे पतंग आणि तार. संक्रांतीला आपली पोरं जे उडवतात त्याचाच थोरला भाऊ.

पुढच्या दहा वर्षांत पोरंटोरं घरोघरी तारा बांधायला लागली. अमेरिकेत तर इतकी, की नौदल आणि जहाज कंपन्या तक्रारी करू लागल्या. हे हौशे आमच्या संदेशात गोंधळ घालतात म्हणून. एप्रिल 1912 मध्ये 'टायटॅनिक' बुडालं, बिनतारी संदेशांचा प्रश्न ऐरणीवर आला आणि ऑगस्टमध्ये अमेरिकेने रेडिओ कायदा केला. हौशी लोकांना लायसन्स सक्तीचं झालं आणि जागा दिली 200 मीटर आणि त्याखालची. का? तर तेव्हाच्या तज्ज्ञांच्या मते लांब पल्ल्याला लांबच लहरी लागतात. 200 मीटरखालचं सगळं निरुपयोगी. म्हणजे गावाबाहेरचं पडीक रान दिलं. घ्या, काय करायचं ते करा.

मंडळी, पडीक रान कसणाऱ्याला दिलं की काय होतं ते आपल्याला माहीत आहे.

नोव्हेंबर 1923 मध्ये अमेरिकेतल्या हार्टफर्डमधल्या फ्रेड श्नेलने फ्रान्समध्ये नीसला बसलेल्या लिऑन देलॉयशी शंभर मीटरच्या आसपासच्या लहरीवर दुतर्फा संपर्क केला. अटलांटिक पार, घरगुती यंत्रावरून. वर्षभरात, ऑक्टोबर 1924 ला, लंडनच्या मिल हिल शाळेतला सेसिल गॉयडर नावाचा अठरा वर्षांचा मुलगा न्यूझीलंडमधल्या फ्रँक बेलशी बोलला. बेल व्यवसायाने मेंढपाळ शेतकरी. पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध टोकाला! कमी लांबीच्या लहरी वरच्या वातावरणातल्या विद्युतभारित थरावर आपटून परत जमिनीवर येतात, म्हणून हे जमतं. मोठ्या कंपन्यांनी सोडून दिलेल्या रानात हौशांनी सोनं पिकवलं.

पीक आलं की मालक दारात उभा राहतो. शॉर्टवेव्हचा फायदा दिसल्यावर सरकारं आणि कंपन्या धावत आल्या. 1927 च्या वॉशिंग्टन परिषदेत जगभराच्या लहरींची वाटणी झाली, तेव्हा हौशांच्या वाट्याला काही अरुंद पट्ट्या राहिल्या. आमची चाळीस मीटरची पट्टी त्यातलीच.

त्या गॉयडरचं नाव लक्षात ठेवा. तो पुढे आपल्याकडे येणार आहे.

आपल्याकडे हौशी रेडिओची सुरुवात 1921 ला कोलकात्यात झाली, अमरेंद्रचंद्र गुप्तू यांच्यापासून. मुंबईतही हळूहळू हौशे तयार झाले. पण इथे राज्य परक्याचं. 1885 चा तार कायदा होताच, त्यावर 1933 चा भारतीय बिनतारी तार कायदा आला. लायसन्सशिवाय बिनतारी यंत्र नुसतं जवळ बाळगणं हाही गुन्हा. वडीलधाऱ्यांना आठवत असेल, ऐंशीच्या दशकापर्यंत घरातल्या साध्या रेडिओचंही लायसन्स असायचं आणि दरवर्षी पोस्टात जाऊन त्याचे पैसे भरावे लागायचे. नुसतं ऐकायचं, तरी परवानगी.

1939 ला महायुद्ध सुरू झालं आणि सरकारने हौशांची लायसन्सं रद्द केली. प्रसारण यंत्रं जमा करा, असा हुकूम निघाला. बहुतेकांनी जमा केली.

आणि मग 1942.

8 ऑगस्टला गवालिया टँकवर 'भारत छोडो'चा ठराव झाला, 9 तारखेला पहाटे नेते तुरुंगात. वर्तमानपत्रांवर बंधनं. देशात काय चाललंय ते देशालाच कळेना. तेव्हा मुंबईतल्या काही तरुणांनी ठरवलं, आपला रेडिओ काढायचा. त्यात उषा मेहता होत्या, वय वर्षं बावीस. विठ्ठलभाई झवेरी, चंद्रकांत झवेरी, बाबूभाई खाकर होते. राममनोहर लोहिया आणि आपले नगरचे अच्युतराव पटवर्धन यांच्यासारखे भूमिगत नेते पाठीशी. सभांच्या कर्ण्यांवर 'शिकागो रेडिओ' हे नाव ज्यांनी वाचलंय त्यांना सांगतो, त्या कंपनीच्या नानक मोटवानींनीही सामानाची मदत केली.

पण यंत्र बांधणार कोण? त्यासाठी माणूस मिळाला नरिमन प्रिंटर. मुंबईतला जुना हॅम. हौशी लोकांच्या यंत्रांतले भाग जुळवून त्याने प्रक्षेपक उभा केला. 27 ऑगस्ट 1942 ला चौपाटीच्या सी व्ह्यू इमारतीतून काँग्रेस रेडिओ बोलू लागला. निवेदनात ठिकाण सांगायचे नाहीत, फक्त 'हिंदुस्थानात कुठून तरी'. तरंगलांबी मात्र सांगायचे: 42.34 मीटर.

आता इथे जरा थांबा. 42.34 मीटर म्हणजे किती मेगाहर्ट्झ? जवळपास 300 भागिले 42.34. उत्तर येतं 7.08.

म्हणजे माझ्या गच्चीवरची तार ज्या पट्टीसाठी कापलीय, तीच पट्टी! 143 ला 7.08 ने भागा, वीस मीटर. तेव्हाही हाच हिशोब, आजही हाच. काँग्रेस रेडिओ हौशांच्या अंगणातूनच बोलत होता, आणि कारण उघड आहे: हौशी यंत्रं त्याच पट्टीसाठी बनलेली असत. पहिल्यांदा हा भागाकार केला तेव्हा कॅल्क्युलेटर खाली ठेवून मी थोडा वेळ गप्प बसलो होतो. सात मेगाहर्ट्झवर रोज सकाळी मी नाशिकच्या आणि कोल्हापूरच्या मित्रांशी पावसापाण्याच्या गप्पा मारतो. त्याच जागी बसून एका बावीस वर्षांच्या मुलीने चार वर्षांची कैद ओढवून घेतली.

काय सांगायचे ते या रेडिओवर? जे छापायची सोय नव्हती ते. विदर्भातल्या आष्टी-चिमूरमध्ये 16 ऑगस्टला उठाव झाला, नंतर चिमूरमध्ये लष्कर आणि पोलिसांनी जे अत्याचार केले, स्त्रियांवर केले, त्याची बातमी या रेडिओने दिली. जमशेदपूरचा संप, बलिया, चितगाव... वर्तमानपत्रं जिथे हात लावायला धजत नव्हती तिथे हा आवाज पोचत होता. सरकारच्या ऑल इंडिया रेडिओला ही मंडळी 'अँटी इंडिया रेडिओ' म्हणत.

आणि त्या ऑल इंडिया रेडिओचा मुख्य अभियंता तेव्हा कोण होता माहितीय? सी. डब्ल्यू. गॉयडर. तोच, मिल हिल शाळेतला मुलगा, 1936 पासून दिल्लीत. देशाचं शॉर्टवेव्ह जाळं त्याच्या देखरेखीखाली उभं राहिलं. एक हौशी सरकारी आवाजाच्या मुळाशी, दुसऱ्या हौशाचं यंत्र त्या आवाजाविरुद्ध. विद्या तीच. खुर्ची वेगळी.

पोलीस दिशाशोधक गाड्या घेऊन माग काढत होते. लहर कुठून येते हे दोन-तीन ठिकाणांहून मोजलं की रेघा जिथे छेदतात तिथे यंत्र. म्हणून जागा बदलत राहायची. सी व्ह्यूनंतर लॅबर्नम रोडवरचं अजित व्हिला, मग आणखी जागा, शेवटी गिरगावातली पारेख वाडी. दर वेळी यंत्र हलवायचं, एरियल उतरवायचं, नव्या जागी पुन्हा टाकायचं. अडीच महिने हे चाललं. 'पोर्टेबल अँटेना' हा शब्द मी हौसेने वापरतो. गिरगावात त्याचा अर्थ पकडले जाणं आणि न जाणं यातलं अंतर असा होता.

12 नोव्हेंबर 1942 ला पारेख वाडीवर धाड पडली. नरिमन प्रिंटर आधीच पोलिसांच्या हाती लागला होता आणि जागा त्यानेच दाखवली, असं नोंदी सांगतात. ज्याने यंत्र बांधलं त्यानेच ते पकडून दिलं. त्याला शिव्या घालणं सोपं आहे. बंद खोलीत त्याच्यावर काय गुदरलं ते आपण पाहिलेलं नाही, आणि उषाताईंनी मात्र तशाच खोल्यांत तोंड उघडलं नाही, हेही तितकंच खरं. पोलीस दारात आले तेव्हा 'वंदे मातरम्'ची तबकडी चालू होती. ती बंद करायला त्यांनी नकार दिला. चार वर्षांची शिक्षा झाली, येरवड्यात गेल्या. 1946 ला सुटल्या, पुढे मुंबईत प्राध्यापक झाल्या. 1998 ला पद्मविभूषण, 2000 साली ऑगस्ट महिन्यातच गेल्या.

याच काळातली आणखी एक तार सांगतो, काकूंच्या चादरींमुळे आठवली. नूर इनायत खान. वडील हजरत इनायत खान मूळचे बडोद्याचे, गायकवाडांच्या दरबारातल्या मौलाबक्षांचे नातू. घराणं आईकडून टिपू सुलतानाशी जोडलेलं. नूर जून 1943 मध्ये ब्रिटिशांची बिनतारी ऑपरेटर म्हणून नाझींच्या ताब्यातल्या पॅरिसला गेली. तिच्या चरित्रांत एक किस्सा सांगतात. ती खिडकीबाहेरच्या झाडावर एरियल टाकत होती, शेजारच्या जर्मन अधिकाऱ्याने बघितलं आणि कपडे वाळत घालायची दोरी समजून स्वतःच बांधायला मदत केली! पुढे ती पकडली गेली आणि 13 सप्टेंबर 1944 ला डाखाऊच्या छळछावणीत तिला गोळी घातली.

गंमत बघा. मुंबईत अशी तार टाकणारी तुरुंगात, आणि पॅरिसमध्ये अशीच तार टाकणारीला त्याच ब्रिटिश सरकारने मरणोत्तर जॉर्ज क्रॉस दिला. तार चांगली की वाईट, हे सत्तेच्या सोयीवर ठरतं.

स्वातंत्र्य मिळालं. लायसन्सं पुन्हा सुरू झाली. पण कायदे? 1885 आणि 1933 चेच. 1978 ला हौशी सेवेचे नियम नव्याने आले, परीक्षा, मोर्स, वेगवेगळे दर्जे. राजीव गांधी स्वतः हॅम होते, 'व्हीयू2आरजी'; त्या काळात परदेशी यंत्रं आणणं थोडं सोपं झालं. तरी परवानगी म्हणजे महिनोन्‌महिने वाट. माझ्या लायसन्सची फाइल एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात इतकी फिरली, की तेवढ्या वेळात मी मोर्स शिकून विसरून पुन्हा शिकलो.

आता 2004 मध्ये या. अंदमान संवेदनशील भाग, तिथून हौशी रेडिओला कित्येक वर्षं मनाई. मोठ्या पाठपुराव्यानंतर हैदराबादच्या संस्थेतल्या भारती प्रसाद यांना थोड्या दिवसांची परवानगी मिळाली. डिसेंबरात त्या पोर्ट ब्लेअरला एका हॉटेलात यंत्र मांडून बसल्या. हेतू काय, तर जगभरच्या हौशांना अंदमानशी बोलायला मिळावं. निव्वळ छंद. 26 डिसेंबरला सकाळी धरणी हलली आणि त्सुनामी आली. फोन गेले, वीज गेली. त्याच दिवसापासून तो छंद बेटं आणि मुख्य भूमी यांच्यातला दुवा झाला. कोण जिवंत आहे, कोण कुठे आहे, कशाची गरज आहे. सहकारी यंत्र घेऊन कार निकोबारला गेले. ज्या तारेला मनाई होती तिच्यावर प्रशासनाचे निरोप जाऊ लागले. परवानगी काही आठवडे उशिरा निघाली असती तर तिथे त्या दिवशी कोणीच नसतं. या एका वाक्यासाठी मी ही सगळी पोस्ट लिहितोय असं समजा.

आता आपल्या दारात येऊ.

30 जुलै 2014. पुणे जिल्हा, आंबेगाव तालुका, माळीण. सकाळी डोंगर खाली आला आणि गाव गाडलं गेलं. दीडशेच्या आसपास माणसं गेली. बातमी बाहेर कशी आली? एसटीच्या ड्रायव्हरने आणली. नेहमीच्या फेरीला गेला तर गाव जागेवर नाही. आयटीच्या पुण्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, एकविसाव्या शतकात, एका गावाच्या मरणाची बातमी लाल डब्याने आणली. त्या ड्रायव्हरला सलाम. पण आपल्याला लाज वाटायला हवी की नको?

जुलै 2021, चिपळूण-महाड. पुराचं पाणी चढलं, वीज गेली, मोबाइल गेले. माणसं माडीवर, हातात चार्ज संपलेले फोन. टॉवरलाही वीज लागते हो, आणि टॉवरपर्यंत जाणारी केबलही जमिनीतूनच जाते. 'नेटवर्क' म्हणजे हवेतली जादू नाही.

इथे ती वीस मीटर तार काय करते? डोंगराळ भागात साधा वॉकीटॉकी समोरच्या कड्याला थडकतो. पण सात मेगाहर्ट्झची तार मुद्दाम खाली बांधली, चार-पाच मीटरवर, तर लहरी बहुतेक सरळ वर जातात आणि वरच्या थरावरून पावसासारख्या खाली पडतात. बागेच्या पाइपचा फवारा छताला मारा, पाणी चहूबाजूंना टपकतं, तसं. मध्ये सह्याद्री असला तरी काय, लहर वरून येते. महाडहून पुणे, चिपळूणहून कोल्हापूर, दिवसा दोन-तीनशे किलोमीटरच्या टापूत बोलता येतं. लागते काय? एक यंत्र, गाडीची बॅटरी, तार, आणि ते येणारं माणूस. मधे टॉवर नाही, कंपनी नाही, रिचार्ज नाही.

जादूची कांडी आहे असं मी म्हणत नाही. रात्री ही पट्टी लांबचं ऐकवते आणि जवळचं सोडते. स्वस्त एलईडी दिव्यांचा खरखराट शहरात जीव खातो. सराव नसेल तर ऐनवेळी कोणालाच जमत नाही. आणि सरकारची भीती अगदीच खोटी नाही. सीमा आहेत, दहशतवादी आहेत, कोण काय बोलतंय यावर लक्ष हवंच. म्हणूनच परीक्षा आहे, कॉलसाइन आहे, आणि हौशी पट्टीवर सांकेतिक भाषेत बोलायला बंदी आहे. आम्ही जे बोलतो ते कुणीही ऐकावं असंच असतं. लपवणारा माणूस स्वतःचं कॉलसाइन सांगत बसत नाही.

2023 ला नवा दूरसंचार कायदा संसदेत मंजूर झाला, 1885 आणि 1933 च्या कायद्यांची जागा घ्यायला. लायसन्सशिवाय प्रसारण हा आजही गुन्हाच, आणि तो असावा. माझं म्हणणं एवढंच, की लायसन्स देणं हे उपकार केल्यासारखं नको. माळीणसारख्या डोंगरकपारीतल्या प्रत्येक तालुक्यात दोन-चार लायसन्सधारक शिक्षक, ग्रामसेवक, कॉलेजची पोरं असायला काय हरकत आहे? एखाद्या चारचाकीच्या किमतीत अख्ख्या तालुक्याचं सामान येईल. आपत्ती व्यवस्थापनाच्या आराखड्यात 'संपर्क यंत्रणा' असा रकाना असतो. तुमच्या तहसील कार्यालयात जाऊन विचारा, त्या रकान्यात मोबाइल नंबरांशिवाय काय लिहिलंय.

आणि घरात आठवी-नववीतलं, स्क्रू उघडून बघणारं पोर असेल तर त्याला परीक्षेला बसवा. शाळकरी मुलांना चालते. तोवर नुसतं ऐका. ऐकायला आता लायसन्स लागत नाही. फक्त सिंगल साइडबँड ऐकवणारा रेडिओ हवा, साध्या शॉर्टवेव्ह रेडिओवर आमचे आवाज बदकांसारखे येतात.

संध्याकाळी मी तार उतरवली, गुंडाळली. सेक्रेटरी काका परत वर आले होते. त्यांना 42.34 चा भागाकार करून दाखवला. त्यांचं बालपण गिरगावातलं निघालं, पारेख वाडी त्यांच्या रोजच्या वाटेवर. "तिथून?" म्हणाले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पुढच्या रविवारी बांधाल तेव्हा मला हाक मारा. बांबू धरायला."

काकूंना मात्र चादरींसाठी वेगळी दोरी आणून दिलीय. ही पोस्ट त्यांनाही पाठवतोय. तुमच्या तालुक्यातल्या कोणा अधिकाऱ्यापर्यंत पोचणार असेल तर तुम्हीही पुढे पाठवा.